मुलांची बौद्धिक क्षमता आणि गणित : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणितात मागे पडणाऱ्या मुलाचे पालक पन्नास प्रकारे विचारतात, पण मूळ प्रश्न एकच असतो: 'याचं डोकंच गणितात चालत नाही का?' खालची उत्तरं पालकांसाठी आहेत आणि प्राथमिक-माध्यमिक वर्गांना शिकवणाऱ्या शिक्षकांसाठीही. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. मूल किती हुशार आहे हे मोजून फारसं काही हाती लागत नाही. ते नेमकं कुठे अडतं हे शोधलं, तर पुष्कळ काही लागतं.

गणित चांगलं म्हणजे बुद्धी चांगली, हे खरं आहे का?

बऱ्याच अंशी खरं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. इंग्लंडमध्ये इयान डिअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७० हजारांहून अधिक मुलांची माहिती तपासली. ११व्या वर्षी झालेली बौद्धिक चाचणी आणि १६व्या वर्षी दिलेली शालान्त परीक्षा यांचे गुण त्यांनी शेजारी शेजारी मांडले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २५ विषय होते आणि बुद्धीशी सर्वांत घट्ट नातं गणिताचं निघालं. मुलामुलांच्या गणिताच्या गुणांत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ५९ टक्के भाग पाच वर्षांपूर्वीच्या चाचणीवरून सांगता येत होता. चित्रकलेत हेच प्रमाण १८ टक्के होतं.

एवढं वाचून हातपाय गाळू नका. एक तर त्या बौद्धिक चाचणीत संख्यांवरचे प्रश्नही होते. म्हणजे थोडं गणित दोन्हीकडे होतंच, त्यामुळे नातं घट्ट दिसणारच. दुसरं, उरलेला ४१ टक्के भाग काही किरकोळ नाही. शिक्षक, सराव, हजेरी, घरचं वातावरण, आवड, भीती हे सगळं त्यात येतं. आणि हे आकडे हजारो मुलांच्या समूहाचे आहेत. समोर बसलेल्या एका मुलाचं भविष्य त्यांतून वाचता येत नाही.

बुद्धीमुळे गणित सुधारतं, की गणितामुळे बुद्धी?

दोन्ही. स्टुअर्ट रिची आणि एलियट टकर-ड्रॉब यांनी २०१८ मध्ये सहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचं एकत्रित विश्लेषण केलं. शाळेचं प्रत्येक जादा वर्ष बुद्ध्यांकात साधारण १ ते ५ गुणांची भर घालतं, असं त्यांना आढळलं. म्हणजे बुद्ध्यांक, ज्याला आयक्यू म्हणतात, हा शाळेत येण्याआधीच कोरून ठेवलेला आकडा नव्हे. शिकण्याने तो हलतो.

'बौद्धिक क्षमता' म्हणजे नेमकं काय काय?

रोजच्या बोलण्यात आपण सगळ्याला 'डोकं' म्हणतो. मानसशास्त्रज्ञ त्याचे भाग पाडतात: नवीन गोष्टीत नियम ओळखणारी तर्कशक्ती, माहिती थोडा वेळ मनात धरून तिच्यावर काम करणारी वर्किंग मेमरी म्हणजे कार्यरत स्मृती, साधं काम किती झटपट होतं तो वेग, लक्ष टिकवण्याची आणि चटकन सुचलेलं चुकीचं उत्तर रोखून धरण्याची ताकद, आकार आणि जागा मनात फिरवून पाहण्याची क्षमता, आणि भाषा. एखादं मूल यांतल्या चारांत तल्लख आणि एकात कच्चं असू शकतं. असंच मूल घरच्यांना कोड्यात टाकतं. 'बोलतो एवढं शहाण्यासारखं, मग वजाबाकी का येत नाही?' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

वर्किंग मेमरीचा गणिताशी एवढा संबंध का सांगतात?

४७ आणि ३८ यांची बेरीज तोंडी करून पाहा. दोन्ही संख्या मनात धरायच्या. ७ आणि ८ मिळून १५. त्यातले ५ बाजूला ठेवायचे, हातचा १ लक्षात ठेवायचा. मग ४ आणि ३ सात, हातचा मिळवून आठ. आता मघाचे ५ परत आणून ८५ जुळवायचे. मोठ्या माणसाला यात काहीच वाटत नाही, कारण ७ आणि ८ म्हणजे १५ हे त्याला आठवतं, काढावं लागत नाही. दुसरीतल्या मुलाला मात्र सातापासून पुढे आठ वेळा मोजावं लागतं. मोजून होईपर्यंत ३८ मधले ३० कुठे गेले हे त्याला सांगता येत नाही. त्याला बेरीज कळत नाही असं नाही. धरायला जागा पुरली नाही, एवढंच.

ही जागा फार थोडी असते. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये वर्किंग मेमरीचा आराखडा मांडला. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी दाखवलं, की प्रौढ माणूससुद्धा एका वेळी साधारण चारच गोष्टी मनात धरू शकतो. लहान मुलांत हा आकडा आणखी खाली असतो. वर्किंग मेमरी आणि गणित यांच्यावरच्या ११० अभ्यासांचं पेंग पेंग आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये विश्लेषण केलं, तेव्हा दोघांतला सहसंबंध (० म्हणजे काहीच नातं नाही, १ म्हणजे पूर्ण नातं) ०.३५ आला. मध्यम म्हणता येईल असा हा आकडा आहे. नातं पक्कं आहे, पण वर्किंग मेमरी म्हणजे सगळं गणित नव्हे.

वर्गात अशी मुलं ओळखायला सोपी असतात. 'वही काढा, पान ३२ उघडा आणि तिसरं उदाहरण सोडवा' म्हटलं की ती वही काढतात आणि शेजारच्याकडे बघतात. फळ्यावरचं उतरवताना ओळ हरवते. लांब भागाकारात पायरी चुकते, पण तीच पायरी सुटी विचारली तर बरोबर येते. 'लक्ष देत नाही' हा शेरा त्यांच्या वाट्याला हमखास येतो. पुष्कळदा तो अन्यायाचा असतो.

अशा मुलासाठी काय करता येतं?

मनावरचं ओझं कागदावर उतरवायचं. मधली पायरी लिहू द्या, हातचा लिहू द्या. 'तोंडी कर' हा आग्रह काही दिवस सोडा. सूचना एकेक द्या. नवीन प्रकार शिकवताना आधी पूर्ण सोडवलेली दोन-तीन उदाहरणं दाखवा, मग शेवटची पायरी रिकामी असलेलं एक द्या, मग दोन पायऱ्या रिकाम्या असलेलं. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणित शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की सुरुवातीला सोडवलेली उदाहरणं अभ्यासणारे विद्यार्थी, सगळं स्वतःच सोडवत बसणाऱ्यांपेक्षा कमी वेळात शिकतात आणि तशाच उदाहरणांत कमी चुकतात.

वर्किंग मेमरी वाढवणारी ॲप आणि 'ब्रेन ट्रेनिंग'चे वर्ग घ्यावेत का?

गणितासाठी घेत असाल तर नको. मोनिका मेल्बी-लर्व्हाग आणि चार्ल्स ह्यूम यांनी २०१३ मध्ये अशा २३ अभ्यासांचा आढावा घेतला. मुलं सराव केलेल्या खेळात सुधारतात, त्याच्यासारख्या दुसऱ्या चाचणीतही काही काळ सुधारतात. अंकगणितात त्याचा फायदा झाल्याचा पटण्याजोगा पुरावा मिळाला नाही. संगीत आणि बुद्धिबळाचंही तसंच. शिकावं, जरूर शिकावं, आनंदासाठी शिकावं. गुणपत्रिकेसाठी नव्हे. तेवढा वेळ थेट गणिताला दिला तर त्याचा परिणाम गणितातच दिसतो.

पाढे पाठ करून घ्यावेत का? ती घोकंपट्टी नाही का?

घ्यावेत. 'समज की पाठांतर' हा वाद मुळात खोटा आहे, दोन्ही एकमेकांना धरून वाढतात. सात आठे छप्पन्न हे आपसूक आठवणाऱ्या मुलाची वर्किंग मेमरी उदाहरणाचा अर्थ लावायला मोकळी राहते. मात्र सात आठे छप्पन्न म्हणजे आठ वेळा सात, हे न कळता केलेलं पाठांतर पहिल्याच आडवळणावर दगा देतं. छप्पन्न विसरलेलं मूल 'सात साते एकोणपन्नास, त्यात आणखी सात' असं म्हणून परत वाटेला लागलं, की समजा पाढा खरा मुरला.

घड्याळ लावून, सगळ्यांसमोर उभं करून पाढे म्हणायला लावणं ही निराळी गोष्ट झाली. तिचा समाचार पुढे भीतीच्या प्रश्नात घेतलाय.

मूल बोटांवर मोजतं. थांबवावं का?

नाही. बोटं ही संख्येची पहिली पाटी आहे. आठवणीतून उत्तर यायला लागलं की बोटं आपोआप सुटतात. चौथी-पाचवीतही प्रत्येक बेरीज एकपासूनच मोजत असेल, तर मात्र बोटांवर न रागावता त्यामागचं कारण शोधा.

'संख्येची जाण' जन्मजात असते म्हणतात. ती नसेल तर?

ढोबळ जाण अगदी बाळपणातच दिसते. फेई शू आणि एलिझाबेथ स्पेल्की यांनी २००० साली दाखवलं, की सहा महिन्यांची बाळं ८ ठिपके आणि १६ ठिपके यांतला फरक ओळखतात. ८ आणि १२ मधला मात्र ओळखत नाहीत. २००८ मध्ये जस्टिन हाल्बर्डा आणि सहकाऱ्यांनी १४ वर्षांच्या ६४ मुलांत पाहिलं, की ठिपक्यांचा अंदाज ज्यांना चटकन येतो त्यांचं गणित अगदी लहानपणापासून बरं होतं. यावर बराच गाजावाजा झाला.

पुढच्या संशोधनाने तो थोडा खाली आणला. मिखाएल श्नायडर आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या विश्लेषणात ठिपक्यांची तुलना आणि गणित यांचा सहसंबंध ०.२४ आला. लिहिलेल्या अंकांची तुलना, म्हणजे ६ मोठे की ९ हे किती झटकन कळतं, त्याचा ०.३० आला. म्हणजे जन्मजात अंदाजापेक्षा शिकून आलेली अंकांची ओळख गणिताशी जास्त जवळची आहे. पालकांना यात दिलासा आहे, कारण अंकांची ओळख शिकवता येते.

आणि ती शिकवायला फार मोठं काही लागत नाही. गीता रमाणी आणि रॉबर्ट सीग्लर यांनी गरीब घरांतल्या शाळापूर्व वयाच्या मुलांना १ ते १० अंक ओळीने लिहिलेल्या पटावरचा सोंगटीचा खेळ दिला. दोन आठवड्यांत पंधरा-वीस मिनिटांच्या चार खेळींत ही मुलं अंक ओळखणं, मोजणं, कोणता मोठा ते सांगणं आणि संख्यारेषेवर अंकाची जागा दाखवणं यांत सुधारली आणि नऊ आठवड्यांनंतरही ती सुधारणा टिकून होती. अंकांऐवजी रंग असलेल्या पटावर खेळलेल्या मुलांना तो फायदा झाला नाही. २००८ चा हा अभ्यास मला फार आवडतो, कारण त्यात काय बदललं हे स्पष्ट दिसतं: खेळ तोच, घरांवर फक्त अंक होते.

शाळेत जायच्या आधी मुलाला काय यायला हवं?

वर्कशीटचे गठ्ठे नकोत. वस्तू मोजता याव्यात, शेवटचा उच्चारलेला अंक म्हणजे एकूण वस्तू हे कळावं, जास्त-कमी कळावं. ग्रेग डंकन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेणारे सहा अभ्यास एकत्र पाहिले. शाळेत येतानाचं गणित पुढच्या यशाचा सर्वांत चांगला अंदाज देत होतं. त्याखालोखाल वाचन, मग लक्ष टिकवण्याची ताकद.

ठोकळे, कोडी, नकाशे यांचा गणिताला उपयोग होतो का?

होतो, पण जाहिरातींत सांगतात तितका नाही. आकार मनात फिरवता येणारी मुलं भूमितीत तर बरी असतातच, शिवाय संख्यारेषा, आलेख, अपूर्णांक यांतही. ही क्षमता सरावाने वाढते हे डेव्हिड उटल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दोनशेहून अधिक अभ्यासांच्या आधारे दाखवलं. तिचा लाभ गणितापर्यंत पोहोचतो का, यावर मात्र निकाल मिश्र आहेत. यी-लिंग चेंग आणि केली मिक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगात सहा ते आठ वर्षांच्या मुलांनी आकार फिरवण्याचा थोडा सराव केला आणि '४ अधिक किती बरोबर ११' अशा उदाहरणांत ती सुधारली. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत तसं दिसलं नाही. ठोकळे खेळू द्या, सोबत बोला: वर, खाली, अर्धं वळव, दुप्पट लांब. एवढं पुरे.

बेरीज-वजाबाकी येते, पण शाब्दिक उदाहरण आलं की गाडी अडते. का?

शाब्दिक उदाहरण आधी वाचनाची परीक्षा घेतं, मग गणिताची. 'मीनाकडे १२ मणी आहेत. ते राजूकडच्या मण्यांपेक्षा ५ ने जास्त आहेत. राजूकडे किती?' पुष्कळ मुलं 'जास्त' हा शब्द पाहून १७ लिहितात. त्यांची बेरीज बरोबरच असते. फसवतं ते वाक्य, आणि त्याहून जास्त 'जास्त आलं की बेरीज, कमी आलं की वजाबाकी' ही शिकवणी. ती युक्ती शिकवणं बंद करा. त्याऐवजी मुलाला विचारा, 'कोणाकडे जास्त मणी आहेत?' आकड्यांना हात लावण्याआधी ते चित्र काढू शकलं, तर अर्धं उदाहरण सुटलं.

भाषेचा आणखी एक त्रास आहे, तो संख्यांच्या नावांत. जर्मन भाषेत 'पंचवीस' म्हणताना आधी पाच येतात, मग वीस. यूलिया त्सूबर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ऑस्ट्रियातल्या जर्मन बोलणाऱ्या लहान मुलांना संख्या ऐकवून लिहायला लावल्या. मुलांच्या चुकांपैकी जवळपास निम्म्या या उलट क्रमाशी जोडलेल्या होत्या. मराठीतही 'पंचवीस'मध्ये पाच आधी ऐकू येतात. 'एकोणपन्नास' ऐकून ५९ लिहिणारं मूल कानाने ऐकलेल्या पन्नासशी प्रामाणिकच असतं. दशक आणि एकक सुटे करून दाखवले, चार दहा आणि नऊ, तर हा गोंधळ लवकर ओसरतो. याला बुद्धीची कमतरता समजू नये.

मुलींचं गणित कच्चं असतं का?

नाही. जेनेट हाइड आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अमेरिकेतल्या ७० लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे चाचणीगुण तपासले. सरासरीत मुलगे आणि मुली यांच्यात फरक जवळजवळ शून्य होता. तीन ते दहा वर्षांच्या १०४ मुलामुलींचे मेंदू गणिताचे व्हिडिओ पाहताना कसे चालतात, हे जेसिका कॅन्टलन यांच्या गटाने २०१९ मध्ये पाहिलं. तिथेही फरक सापडला नाही.

मग पुढे कुठे कुठे दरी दिसते ती कुठून येते? फ्रान्समधल्या २५ लाखांहून अधिक मुलांवरचा एक अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला. पहिलीत पाऊल ठेवताना मुलगे-मुली बरोबरीत होते. चारच महिन्यांत मुलगे पुढे दिसू लागले आणि वर्षभरात अंतर वाढलं. वयाने थोडी मोठी मुलं असोत वा लहान, दरी वयाबरोबर नाही तर शाळेतल्या दिवसांबरोबर वाढली. चार महिन्यांत कोणाची जन्मजात बुद्धी बदलत नाही. त्या चार महिन्यांत वर्गात काय घडतं, ते पाहायला हवं.

गणिताच्या भीतीने खरंच गुण कमी होतात, की गुण कमी म्हणून भीती?

दोन्ही दिशांनी चालतं, आणि चक्र तयार होतं. मार्क ॲशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ मध्ये दाखवलं, की गणिताची धास्ती असलेल्या माणसाची वर्किंग मेमरी गणित करताना आखडते. हातच्याची बेरीज करताना ते सर्वांत स्पष्ट दिसतं. मन 'चुकलं तर?' यात अडकतं आणि हातचा ठेवायला जागा उरत नाही. वर ४७ आणि ३८ चं जे झालं तेच, फक्त यावेळी जागा काळजीने खाल्लेली.

यात एक उलटा प्रकार आहे. हेरार्दो रामिरेझ आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या अभ्यासात पहिली-दुसरीतल्या ज्या मुलांची वर्किंग मेमरी चांगली होती, भीतीचा फटका त्यांनाच जास्त बसला. त्यांची मदार त्या क्षमतेवरच असते, ती ऐन वेळी हुकली की त्यांचं सगळंच हुकतं. वर्गातलं चुणचुणीत मूल परीक्षेत कोरं पान देतं तेव्हा हे आठवावं.

घरी अभ्यास घेताना वाद होतात. मग घ्यावा का?

तुम्हाला स्वतःला गणिताची धास्ती असेल तर जपून. एरिन मलोनी आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये पाहिलं, की धास्तावलेले पालक वारंवार गृहपाठात मदत करतात तेव्हा त्यांची मुलं वर्षभरात कमी शिकतात आणि स्वतःही धास्तावतात. तेच पालक क्वचित मदत करत असतील तर हा परिणाम दिसत नाही. 'मलाही कधी जमलं नाही बाबा' हे वाक्य धीर देण्यासाठी म्हटलं जातं. मुलाला मात्र ते परवानगीसारखं ऐकू येतं. समजावायला बसण्यापेक्षा मुलालाच सांगू द्या: 'हे कसं केलंस, मला दाखव.'

काही मुलं व्यवहारात झटपट हिशेब करतात, शाळेत नापास होतात. हे कसं?

या प्रश्नाने संशोधकांनाही चक्रावून टाकलं आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांना १९८५ च्या एका अभ्यासात तेरेझिन्या न्यून्यस आणि सहकाऱ्यांनी गिऱ्हाईक बनून हिशेब विचारले. ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तेच आकडे कागदावर नुसती उदाहरणं म्हणून दिले, तेव्हा ३७ टक्के. आकृती, सूत्र, उभी मांडणी आली की मुलं स्वतःची चांगली चालणारी पद्धत टाकून शाळेची अर्धवट आठवणारी पद्धत वापरत होती.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर हेच पाहिलं. २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या या अभ्यासात बाजारातली मुलं गुंतागुंतीचे व्यवहार मनातल्या मनात सोडवत होती आणि शाळेच्या पद्धतीची साधी उदाहरणं चुकत होती. शाळेत जाणाऱ्या, पण काम न करणाऱ्या मुलांचं उलट: कागदावर बरी, बाजारातल्या हिशेबात अडखळणारी. दोन्ही गटांत डोकं होतंच. एकीकडचं दुसरीकडे नेणारा पूल कोणी बांधला नव्हता. अशा मुलांना 'मंद' म्हणणाऱ्या गुणपत्रिकेवर माझा तरी विश्वास नाही.

डिस्कॅल्क्युलिया म्हणजे काय? तो कसा ओळखावा?

बुद्धी ठीक, शिकवणंही ठीक, तरी संख्यांचा अर्थच मनात बसत नाही अशी ही अध्ययन अक्षमता आहे. साधारण ३ ते ७ टक्के मुलांत ती आढळते. खुणा अशा: तीन ठिपकेही मोजूनच सांगणं, ८ मोठे की ६ याला वेळ लागणं, आठवडाभर पाठ केलेली साधी बेरीज पुढच्या आठवड्यात पुसली जाणं, १०० मधून ९८ वजा करताना एकेक मागे मोजत जाणं. कच्च्या पायाचं मूलही असं वागू शकतं, म्हणून घाईने शिक्का मारू नये. नेमकी, रोजची मदत किमान सहा महिने देऊनही अडचण तशीच राहिली, तर तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्या. आणि प्रमाणपत्र मिळालं म्हणून गणित सोडून देऊ नका. अशी मुलं शिकतात, त्यांना वस्तू आणि संख्यारेषेवर इतरांपेक्षा खूप जास्त काळ राहावं लागतं.

गणित आनुवंशिक असतं का?

जुळ्यांवरच्या अभ्यासांत गणितातल्या फरकांवर अनुवंशाचा मोठा वाटा दिसतो. पण आनुवंशिक म्हणजे अटळ नव्हे. दूरचं कमी दिसणं घराण्यात असू शकतं, तरी चष्मा लावला की फळा दिसतो.

आयक्यू तेवढाच राहिला तर गणित सुधारू शकतं का?

सुधारू शकतं, आणि यावर जर्मनीतला एक अभ्यास मुद्दाम सांगण्यासारखा आहे. कोऊ मुरायामा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये पाचवी ते दहावीच्या सुमारे ३,५०० मुलांची वर्षानुवर्षांची माहिती तपासली. मूल कुठून सुरुवात करतं याचा बुद्धीशी जवळचा संबंध होता. पण सुरुवातीनंतर ते किती वेगाने वाढतं, याचा बुद्धीशी संबंध दिसला नाही. वाढ ठरत होती ती 'मेहनत केली तर मला जमेल' हा विश्वास, विषयाची स्वतःची आवड आणि नवीन गोष्ट जुन्या गोष्टीशी जोडून शिकण्याची सवय यांवर.

सवय कशी लावायची यावर एक ठोस गोष्ट. डग रोहरर आणि सहकाऱ्यांनी सातवीच्या ५४ वर्गांत काही मुलांना एका प्रकारची उदाहरणं सलग दिली, काहींना तीच उदाहरणं वेगवेगळ्या प्रकारांत मिसळून दिली. महिन्याभराने अचानक चाचणी घेतली. मिसळून सराव केलेल्यांना सरासरी ६१ टक्के मिळाले, सलग केलेल्यांना ३८. सलग सरावात मूल विचारच करत नाही, कारण या पानावर सगळी त्रैराशिकं आहेत हे त्याला माहीत असतं. पाठ्यपुस्तकांची मांडणी बहुतेक सलगच असते, त्यामुळे हे काम शिक्षकाला किंवा पालकाला स्वतः करावं लागतं: आजच्या दहा उदाहरणांत चार आजची, सहा जुनी.

आणि अपूर्णांक सोडू नका. सीग्लर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतली माहिती तपासली. दहाव्या वर्षी अपूर्णांक आणि भागाकार किती येतो, यावरून सोळाव्या वर्षीच्या गणिताचा अंदाज बांधता येत होता, बुद्धी, वर्किंग मेमरी आणि घरची परिस्थिती हिशेबात धरूनही. माध्यमिकच्या मुलाला बीजगणित 'डोक्यावरून जातं' तेव्हा मी आधी त्याला १/३ आणि १/४ यांतलं मोठं कोणतं, हे विचारतो.

बौद्धिक चाचणीचा अहवाल हातात आला. काय पाहायचं?

एकूण आयक्यूकडे सगळ्यात शेवटी बघा. मुलांसाठी वापरल्या जाणाऱ्या वेक्सलर चाचणीच्या पाचव्या आवृत्तीत पाच निर्देशांक असतात: भाषिक आकलन, दृश्य-अवकाशीय क्षमता, तर्कशक्ती, वर्किंग मेमरी आणि वेग. प्रत्येकाची सरासरी १००. भाषा ११८ आणि वर्किंग मेमरी ८५ असलेल्या मुलाचा एकूण आकडा साधारण 'सर्वसामान्य' येईल आणि त्यातून काहीच कळणार नाही. कामाची आहे ती ८५ आणि ११८ मधली दरी. दोन-चार गुणांच्या फरकावर मात्र डोकं खपवू नका, तेवढा फरक चाचणीच्या दिवशीच्या झोपेनेही पडतो.

तपासणीच्या आधी घरी किंवा वर्गात काय पाहता येईल?

चुका. वही घ्या आणि बरोबर उत्तरं सोडून फक्त चुका बघा. ५२ वजा २७ घेऊ. बरोबर उत्तर २५. एकाने ३५ लिहिलंय, दुसऱ्याने २४, तिसऱ्याने ७९. तिघांनाही लाल फुली आणि शून्य गुण.

३५ लिहिणाऱ्याने ७ मधून २ वजा केले, कारण २ मधून ७ जात नाहीत. दशक सुटा करणं त्याला कळलेलंच नाही. त्याला पन्नास वजाबाक्या द्याल तर तो पन्नास वेळा तीच चूक करेल. त्याच्यापुढे दहा-दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या ठेवा, एक गठ्ठा त्यालाच सोडू द्या. २४ वाल्याला पद्धत नीट येते. १२ वजा ७ मोजताना त्याचं एक बोट पुढेमागे झालं. त्याला २० पर्यंतच्या बेरीज-वजाबाकीचा रोज पाच मिनिटं सराव पुरतो, घड्याळाशिवाय. ७९ वाल्याने चिन्हच बघितलं नाही, सरळ बेरीज केली. त्याला सोडवण्याआधी चिन्हाभोवती गोल करायला सांगा, आणि पानावर उदाहरणं कमी ठेवा. एकाच प्रकारची चूक तीन-चारदा सापडेपर्यंत वही चाळा. एकदा झालेली चूक कोणाचीही होऊ शकते.